बंबाजवळचे गड्डे

शिवांजलीचं लग्न झालं ते साल दोन हजार एकोणीस. लग्नाला तिचा भाऊ राजशेखर हिमाचलातून आला. तिथं तो बोगद्याच्या कामावर इंजिनियर होता. बहिणीला त्यानं शाल आणली आणि आईला, रत्नव्वाला, आल्यासारखे दिसणारे तीन गड्डे. आयरिस या थंड मुलखातल्या फुलझाडाचे. कसबा बावड्यातल्या घरामागं, विहिरीच्या सावलीत त्यानं ते स्वतःच्या हातानं लावले.

"आव्वा, फूल आलं की फोन कर," तो म्हणाला. "त्याच दिवशी रजा टाकतो. न्हाय आलो तर माझं नाव बदल."

पानं आली. विळ्याच्या पात्यासारखी, उभी. फूल आलं नाही.

त्याला सहा वर्षं झाली. यंदा दिवाळीला शिवांजली नवऱ्याबरोबर कुरुंदवाडहून आली. मृत्युंजयनं तिकडं नुकतीच नर्सरी टाकली होती. आता कुठलंही झाड दिसलं की तो थांबायचा. चूळ भरायला मागच्या दारी गेला आणि पाणी तापवायच्या बंबाजवळ उकिडवा बसला.

"आत्ती, हे राजशेखरनं आणलेलं न्हवं? हितं कुणी लावलं?"

"मीच हलवलं. चार वर्षं झाली."

"बरी सगळ्यात उबदार जागा शोधलीसा. वर धग, खाली राख. फूल यायचं कसं? ह्याला दोन महिने कडक गारठा लागतो. आपली थंडी म्हंजे सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा."

"व्हय," रत्नव्वा म्हणाली.

"मग आपण त्याला फसवू की. फ्रिजात ठेवू. शेजारी फळं तेवढी ठेवू नका, त्यांच्या वाफेनं कळी मरते. उन्हाळ्याआधी फूल बघा."

त्यानं गड्डे उकरले. पानं छाटली, माती झटकली, कागदात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या खणात ठेवले. रत्नव्वानं खणातली सफरचंदं काढून दिली.

चार वाजता चहाला दूध घ्यायला मृत्युंजयनं फ्रिज उघडला. खण रिकामा होता. नुसता कागद. तो दुधाचं पातेलं हातात घेऊनच मागच्या दारी गेला. रत्नव्वा बंबाजवळची माती तळव्यानं दाबत होती.

"आत्ती, अहो, तिथं जन्मात फूल यायचं न्हाय."

"ठावं हाय, पावणं," ती म्हणाली. हात थांबला नाही. "मंडईतल्या रोपवाल्यानं तवाच सांगितलंय. म्हणून तर हितं आणलं. फूल आलं तर मला फोन करावा लागंल."

शिवांजलीनं नवऱ्याच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि ती आत गेली.

राजशेखर नऊ जानेवारी दोन हजार एकवीस रोजी, बोगद्याच्या तोंडाशी दरड कोसळून वारला.