सोडलेलं गोड

शेवटचं काडतूसही सुटलं. कुठेही न अडकता.

मृणालिनी जाड काचेच्या अलीकडे तशीच उभी राहिली. पलीकडे शिकंज्यात आवळलेली शॉटगन आता गप्प होती. काडतुसं भरायचं मॅगझिन रिकामं झालं होतं. कामावरचा जोडीदार डेल जेवायला बाहेर गेलेला, त्यामुळे हे बघायला दुसरं कुणी नव्हतं. तिनं हात जोडले आणि पुटपुटली, "पावलास रे बाबा."

अमेरिकेत, बॉयसीतल्या त्या लहानशा कारखान्यात शॉटगनची मॅगझिनं बनत. ती ऐन वेळी दगा देत नाहीत ना, हे पाहणं तिचं काम. या मॅगझिनात एक खोड होती. भरून महिनोन्महिने ठेवलं की स्प्रिंगच्या दाबाखाली काडतुसांची प्लास्टिकची नळकांडी चपटी होत. मग पहिला बार उडे, आणि पुढचं काडतूस वर येता येता तिरकं होऊन बसे. मागच्या वर्षी शेतावर एकट्या राहणाऱ्या एका बाईच्या घरात माणूस शिरला. तिची बंदूक कधीची भरून उशाशी ठेवलेली. पहिला बार चुकला. दुसरा झालाच नाही. बाई गेली.

कारखान्यात ते कळलं त्या दिवशी संकष्टी होती. चंद्र बघून पानावर बसल्यावर मृणालिनीनं मोदक बाजूला काढून ठेवला. हे अडकणं थांबेपर्यंत गोड वर्ज्य, असं ती देवापुढे बोलून आली होती.

"बंदुकीसाठी कुणी गोड सोडतं का गं?" सासूबाई म्हणाल्या. "सोडायचंच तर नवऱ्याच्या प्रमोशनसाठी सोड."

"बंदुकीसाठी नाही हो आई. त्या बाईसाठी. उद्या अशी दुसरी कुणी असेल."

तेव्हापासून दिवाळी गेली, पाडवा गेला, लेकीच्या, अनिकाच्या वाढदिवसाचा केक गेला. ती रोज सकाळी दिवा लावी, अथर्वशीर्ष म्हणे आणि कामावर जाई. काडतुसांना खालून वर रेटणारा जो तुकडा असतो, त्याचा आकार तिनं बदलून बदलून पाहिला. शेवटी जमलासा वाटला तो एकच तुकडा थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकमध्ये काढून मॅगझिनात बसवला, मॅगझिन भरलं आणि सगळा उन्हाळा कपाटात ठेवून दिलं. आज ते बाहेर काढलं होतं.

तिनं तो तुकडा सोडवून खिशात टाकला. सासूबाईंना फोन करायचा, म्हणायचं, आज शिरा करा, भरपूर साखर घालून. तेवढ्यात फोनच वाजला. नवऱ्याचा होता, यतीनचा.

"मृणाल, अनिका ठीक आहे. आधी ते ऐक. ती ठीक आहे. मॉलमध्ये शूटिंग झालंय."

मॉलच्या पार्किंगमध्ये अनिका चंदेरी ब्लँकेट गुंडाळून फुटपाथवर बसली होती. तिच्या बाहीवर रक्त होतं. तिचं नव्हतं. ती आणि गल्ल्यावरची मुलगी शेजारीशेजारी उभ्या होत्या, आणि पहिल्याच बाराला पडलेली ती मुलगी पुन्हा उठली नव्हती.

"मग तो माझ्याकडे वळला, आई. ही लुक्ड राइट ॲट मी. त्यानं ट्रिगर ओढला आणि... नथिंग. काही झालंच नाही. तो नुसता ते हलवत बसला, ठोकत बसला. मग मी पळाले."

संध्याकाळी यतीनच्या फोनवर कुणीतरी पाठवलेला फोटो आला. फरशीवर पडलेली शॉटगन, आणि मॅगझिनच्या तोंडाशी तिरकं बसलेलं लाल काडतूस. मृणालिनीनं फोन जवळ घेतला. ते तिरकेपण ती ओळखत होती. मॅगझिनही ओळखीचं होतं, त्यांच्याच कारखान्यातलं. त्यानं हे कधीचं ठरवलं होतं तर. कधीचं भरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली, तर मालक ग्रेग दारातच भेटला. बिचाऱ्याचे डोळे सुजलेले होते. "तू कशाला आलीस? घरी जा, मुलीजवळ बस." ती वळली, तसा मागून आवाज आला. "मृणालिनी, एकच सांग. इंटरनेटवर लोक आपल्याला हसताहेत. आणि ती शेतावरची बाई माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. उन्हाळ्यात ठेवलेलं ते मॅगझिन... काही हाती लागलं का?"

तिचा हात खिशात होता. तुकड्याची कड बोटाला टोचत होती.

घरी आल्यावर ती बराच वेळ स्वयंपाकघरात एकटी होती. सासूबाई आत आल्या आणि त्यांनी नाकाला पदर लावला. "काय गं जाळलंस? प्लास्टिकचा वास येतोय." त्यांनी खिडकी उघडली आणि रवा भाजायला घेतला. नात वाचली म्हणून त्यांनी देवीला शिऱ्याचा नैवेद्य बोलला होता.

दिवेलागणीला सगळे स्वयंपाकघरातल्या देवापुढे बसले. अनिकानं घास घेतला आणि रडली. सासूबाईंनी वाटी मृणालिनीपुढे केली. तिनं ती कपाळाला लावली आणि खाली ठेवली.

"अगं, प्रसादाला नाही म्हणू नये. आणि यतीन म्हणाला, कालची चाचणी जमेलसं वाटत होतं तुला. जमली नाही?"

"अडकतं अजून. ग्रेगला सांगून आले मी तसं."

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग गॅसकडे. बर्नरच्या कडेला काळा, वितळलेला डाग होता. समजायला त्यांना वेळ लागला. समजल्यावर त्यांनी अनिकाला जवळ ओढलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "आणि ती उद्याची बाई गं? जिच्यासाठी गोड सोडलं होतंस, ती?"

"तिच्यासाठीच, आई," मृणालिनी म्हणाली. "आता जन्मभर."