अडखळणाऱ्यांचे टॅब

अहमदपूरजवळच्या त्या शाळेत वाचताना अडखळणाऱ्या सहा पोरींना एकेक टॅब मिळाला होता. टॅबनं वाक्य वाचून दाखवायचं, पोरीनं मागोमाग वाचायचं, आणि अडखळणं थांबलं की टॅब दुसरीला द्यायचा, असा नियम. महिना उलटला तरी एकीचंही अडखळणं थांबेना. वर्गाच्या उज्ज्वलाबाई मेटाकुटीला आल्या. शिवानी तर 'कमळ' वाचतानाही घामाघूम व्हायची.

शेवटी बाईंनी एक शब्दही न बोलता फळ्यावर लिहिलं, 'जिला हे वाचता येत नाही, तिनं टॅब आणखी महिनाभर ठेवावा.'

बाईंनी खडू खाली ठेवायच्या आत शिवानीचा टॅब दप्तरात गेला.

"काय लिहिलंय गं फळ्यावर?" बाईंनी विचारलं.

शिवानी चपापली. "मला कुठं वाचता येतंय, बाई? ह्या साक्षीनं वाचून दाखिवलं."

साक्षीही त्या सहाजणींतलीच. ती ताडकन उठली.

"लई खोटं बोलायली ही, बाई. 'टॅब आणखी महिनाभर ठेवावा', एवढं मोठं वाक्य मला तरी कुठं वाचता येतंय?"