शर्टाचं शेपूट

मिशिगनच्या जंगलातल्या आमच्या केबिनचा एकच कायदा आहे. हरणावरचा नेम चुकला की चुकणाऱ्याच्या शर्टाचं मागचं शेपूट कापायचं आणि भिंतीवर ठोकायचं. भिंतीवरची निम्मी शेपटं एकट्या आयलीची होती.

शिकारीच्या हंगामाचा शेवटचा दिवस होता. थंडीला वैतागून आम्ही बाकीचे दुपारीच शेगडीपाशी येऊन बसलो होतो. अंधार पडता पडता आयली आली. भुवयांवर बर्फ. तिने थोरल्या भावाच्या, रूडीच्या हातात कात्री दिली आणि पाठ फिरवून उभी राहिली.

“यंदाही?” रूडी खदाखदा हसला. “अगं, पुढच्या वर्षी शर्ट जरा लांब घे, पुरत नाहीये!”

शेपूट कापून त्याने भिंतीच्या बरोब्बर मधोमध धरलं आणि हातोडी उचलली.

“दादा, जरा बाजूला ठोक.”

“का गं, लाज वाटते?”

“मधे शिंगांना जागा लागेल.”

हातोडी हवेतच राहिली. “कसली शिंगं?”

“पहिली गोळी चुकली, तिचा दंड भरला. दुसरी लागली. आता बूट चढव आणि दोर घे. एवढं धूड मला एकटीला ओढवत नाहीये.”