गंगेपलीकडचं बुकिंग

"कुठे बसायचं ते ठरव एकदाचं," लीलाताई मेथी निवडता निवडता लेकीला म्हणाल्या. "माझं विचारशील तर गोपीनाथ आपला माणूस आहे."

घरांच्या दलालीचं रजिस्ट्रेशन निवेदिताच्या हातात येऊन आठवडा झाला होता. बोलावणी दोन. एक ब्रह्मा घाटाच्या गल्लीतल्या गोपीनाथकाकांचं. दोन खुर्च्या, एक टेबल, आणि वर्षभर नुसतं त्यांच्यामागून फिरायचं. दुसरं अनिश नावाच्या मॅनेजरच्या कंपनीचं. एसी ऑफिस, पक्का पगार, आणि विकायचे ते गंगेपलीकडे नव्याने उठलेले फ्लॅट.

"पहिल्या महिन्यात एक बुकिंग," अनिशने सांगितलं होतं. "नहीं हुआ तो नमस्ते."

निवेदिताने कंपनी धरली. तिशी उलटलेली, आधीच्या दोन नोकऱ्या सुटलेल्या. हीही गेली असती तर तिला आरशात बघवलं नसतं.

लीलाताईंनी परडी बाजूला सारली. "पलीकडे? अगं, त्या काठावर मेलं की गाढवाचा जन्म. लोक मोक्षासाठी कुठून कुठून काशीत मरायला येतात, आणि तू इथल्यांना तिकडे नेणार?"

"आई, लोकांना राहायला घर हवंय."

"बघ बाई." रेल्वेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलेली बाई ती, एकदा गप्प बसली की बसली. कामाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खाऊ लागलं. तरुण जोडपी यायची, लिफ्ट बघायची, बाल्कनीतून अख्खी काशी समोर दिसली की हरखायची. मग घरी जाऊन म्हाताऱ्यांना विचारायची, आणि दुसऱ्या दिवसापासून फोन उचलायची नाहीत. एकाने तर साफच सांगितलं, "अम्मा कहती हैं, पहले मुझे घाट पर फूँक आओ, फिर जाओ."

अठ्ठाविसाव्या दिवशी जेवताना निवेदिताला रडू कोसळलं. आईपासून ते लपवायचंही बळ उरलं नव्हतं. लीलाताई ताटाजवळ बसून राहिल्या.

तिसाव्या दिवशी सकाळी ती गोपीनाथकाकांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"काका, ती खुर्ची अजून रिकामी आहे?"

"आहे की." काकांनी चष्मा पुसला. "पण आधी तुझ्या ऑफिसात जाऊन ये. काल एक गिऱ्हाईक आलं होतं. पलीकडचा फ्लॅट हवाय म्हणे, तोही तुझ्याच मार्फत बुक करायचा. मी घाटाजवळच्या तीन जागा सुचवल्या, हात जोडले. ऐकेचना. अर्ज भरून, चेक लावून माझ्याकडे ठेवून गेलं."

निवेदिता खुर्ची ओढून बसली. महिनाभरात पहिल्यांदा तिला धड श्वास घेता आला.

"बाहेरगावचं असेल," ती म्हणाली. "इथल्या कुणाची छाती व्हायची नाही."

काकांनी टेबलाच्या खणातून पाकीट काढलं आणि तिच्यापुढे सरकवलं.

अर्ज नेटका भरलेला होता, कुठे खाडाखोड नाही. वय अडुसष्ट. 'घरात कोण राहणार' या रकान्यात लिहिलं होतं, मी स्वतः, मरेपर्यंत. खाली सही होती, लीला दिनानाथ पाध्ये, निवृत्त शिक्षिका, ब्रह्मा घाट.