नकाशातला फुगवटा

पालिकेने शहराच्या नकाशावर पट्टीने एक रेघ ओढली. पूर्वेला राहायचं, पश्चिमेला धंदा करायचा. रेघ बरोब्बर आमच्या पुढच्या खोलीतून गेली, जिथे आत्या कपडे शिवते.

पालिकेचे साहेब टेप लावून म्हणाले, "बाई, मशीन राहायच्या बाजूला येतंय. उद्या सील करणार."

आत्याने मशीन हातभर पश्चिमेला सरकवलं. स्टूल होतं तिथेच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी साहेब सील घेऊन आले.

"धंदा मशीन करतंय, ते पलीकडे आहे," आत्या म्हणाली. "मी आपली घरात बसलेय."

"आणि पायडल कोण मारतंय?"

"गुडघे धरलेत हो. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय."

साहेबांनी नियमांचं पुस्तक उभ्याउभ्या चाळलं. घरात व्यायामाला बंदी नव्हती.

मग आत्याच्या खिडकीला खेटून बटणवाला आला, अस्तरवाला आला, इस्त्रीवाला आला. तिघांना चहा लागतो म्हणून चहावाला आला. पालिकेने बांधलेल्या बाजारात मात्र एकटा वॉचमन बसतो, आणि त्याचाही गणवेश आत्यानेच शिवलाय.

यंदा नवा नकाशा लागला. रेघ अख्ख्या शहरातून नाकासमोर चालत येते, आमच्या घरापाशी एकदम फुगते, पुढची खोली पोटात घेते आणि पुन्हा सरळ होते. पालिकेने तिथे काहीच लिहिलेलं नाही.

पाहुणे आले की आम्ही त्या फुगवट्यावर बोट ठेवतो आणि सांगतो, "ही आमची आत्या."