कडुलिंबाचा पाला

"कांजण्याच आहेत, दवाखाना नको," असं म्हणत सुलभाताईंनी अण्णांच्या अंथरुणावर कडुलिंबाचा पाला पसरला आणि घरातली फोडणी बंद केली. मुलानं, हेरंबनं, आपल्या लिव्हरचा तुकडा देऊन बापाला वाचवलं, त्याला महिना झाला होता. अंगावरचं लाल पुरळ पाहून तो रोज गाडी काढत होता, पण अण्णाही बायकोच्याच बाजूचे.

नवव्या दिवशी तळहातांची सालं निघू लागली, तेव्हा कुठे ते डॉक्टरांसमोर येऊन बसले. रिपोर्ट वाचून डॉक्टर अण्णांकडे वळले.

"लिव्हरबरोबर हेरंबच्या रक्तातल्या पेशीही आल्या. पोटच्या पोराच्या, म्हणून तुमच्या शरीरानं त्या आपल्याच समजून राहू दिल्या. पण त्यांना तुम्ही परके वाटताय. त्या तुमच्यावर, तुमच्या कातडीवर उलटल्यात. पहिल्याच दिवशी यायला हवं होतं."

"अण्णा, माझ्यामुळे..." हेरंब म्हणाला.

"वेड्या, तुझा काय दोष?" अण्णा हसले आणि त्यांनी हात पुढे केला. हेरंबनं तो दोन्ही हातांत घट्ट धरला.

सोडला, तेव्हा अण्णांच्या तळहाताची कातडी त्याच्या बोटांना चिकटून आली होती.