एका खोलीतला अभ्यास

आईची कायमची रात्रपाळी आणि घर एका खोलीचं, त्यामुळे बाबांनी लेकीला क्रियाविशेषणांचे समानार्थी शब्द कुजबुजूनच शिकवले. दिवसा पडद्यापलीकडे आईचा डोळा लागलेला असे. शाळाप्रवेशाच्या तोंडी परीक्षेला आई कामावरून तडक आली, बाहेरच्या बाकावर टेकली. आत बाईंनी विचारलं, “हळूहळू?” “सावकाश, आस्ते, संथपणे,” लेक कुजबुजली. “काय पुटपुटतेस? येत नसेल तर तसं सांग!” बाईंनी शून्य मांडायला पेन टेकवलं. शब्द तोंडपाठ होते, पण पोरीनं आवाज काही चढवला नाही. अर्धवट उघड्या दाराकडे बोट केलं. “आई झोपलीय.” बाकावर आई बसल्या जागी घोरत होती. मांडीवरचा डबा घसरत होता. बाईंनी उठून तो अलगद बाजूला ठेवला, खुर्ची न ओढता उचलून लेकीजवळ आणली आणि कुजबुजत विचारलं, “मोठ्याने?” पोर हळूच म्हणाली, “जोरात, खणखणीत, उच्चरवाने.”